विमा-विचार : गाडी विकली, परदेशी चाललो, बोनसचे काय?

प्रश्न : मी चाकणला नोकरी करतो. कंपनी मला जानेवारीत 3 वर्षांसाठी जर्मनीला पाठवते आहे. माझ्या गाडीवर आजवर एकही क्लेम घेतलेला नाही, एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) 50 टक्के आहे. घरी आई-वडीलच असतील आणि ते गाडी चालवत नाहीत. भाचा गाडी विकत घ्यायला तयार आहे. तो म्हणतो, “मामा, पॉलिसी तुझ्याच नावावर राहू दे, बोनस वाया जायला नको.” असे करावे का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : अजिबात करू नका. भाच्याच्या मनात वाईट काही नाही, हे मला दिसते आहे. पण मी सर्वसाधारण विम्याच्या एका शाखेत मोटर विभागात बरीच वर्षे बसले आणि नेमक्या अशाच घरगुती सोयीतून लोकांचे नुकसान होताना पाहिले. गाडी भाच्याच्या नावावर आणि पॉलिसी तुमच्या, अशा स्थितीत अपघात झाला तर गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम नाकारला जाण्याची पूर्ण शक्यता असते. पॉलिसी त्याच्या नावावर करून घेतली, तर तुमच्या बोनसमुळे हप्त्यात मिळालेली सवलत उरलेल्या मुदतीपुरती त्याला भरून द्यावी लागते. कारण नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तो तुमचा असतो. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी जोडीदार, मुले किंवा आई-वडिलांकडे आली, तर तेवढा अपवाद आहे.

तो तुमचा आहे, म्हणूनच तुम्हाला तो राखून ठेवता येतो. भाच्याला रीतसर गाडी विका, मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 भरा. विक्रीचा पुरावा व पॉलिसीची प्रत जोडून विमा कंपनीकडे एनसीबी राखून ठेवल्याचे पत्र मागा. त्या पत्रावर टक्केवारी आणि पॉलिसी संपल्याची तारीख स्पष्ट आहे ना, हे काउंटरवरून उठण्याआधी वाचून घ्या.

आता तुमच्या बाबतीतला कळीचा मुद्दा. हा बोनस जुना विमा संपल्यापासून 3 वर्षांच्या आत नव्या विम्यावर वापरावा लागतो, आणि तुमचा करारही 3 वर्षांचाच आहे! डिसेंबरमध्ये गाडी विकून पॉलिसी रद्द केलीत आणि करार संपवून जानेवारीत परतलात, तर काही आठवड्यांनी सगळे हुकेल. माझ्यासमोर एक गृहस्थ असेच पत्र घेऊन बसले होते. पत्र खरे, सही-शिक्का खरा, फक्त मुदत 4 महिन्यांपूर्वी संपलेली. मला काहीच करता आले नाही, आणि आजही त्याची हळहळ वाटते.

किती रकमेचा प्रश्न आहे तेही पाहा. एनसीबी फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर मिळते; थर्ड पार्टीवर, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीच्या विम्यावर नाही. नव्या गाडीचा ओन डॅमेजचा हप्ता 24,000 रुपये धरला, तर 50 टक्क्यांनी पहिल्याच वर्षी 12,000 वाचतात. बोनस गेला की पुन्हा शून्य, 20, 25, 35, 45 अशा पायऱ्या चढत सहाव्या वर्षी 50वर पोचायचे. हप्ता तेवढाच राहिला असे मानले, तर या 5 वर्षांत मिळून 30,000 रुपये जास्त जातात. गाडीची किंमत उतरते तसा आकडा थोडा खाली येईल, पण तो लहान नाही.

म्हणून परतीच्या काही महिने आधी सुट्टीवर याल तेव्हाच नवी गाडी घेता येते का बघा. घरात गाडी चालवणारे कोणी असते, तर गाडी आणि पॉलिसी तुमच्याच नावावर ठेवून दरवर्षी नूतनीकरण करा, असे मी सांगितले असते. पण उभ्या गाडीवर केवळ बोनससाठी 3 वर्षे हप्ते भरणे मला पटत नाही.

हे वाचणाऱ्या ज्या कोणाची गाडी इथे मागे राहणार आहे, त्यांना एक विनंती. नूतनीकरणाचे मेसेज तुमच्या भारतीय मोबाइल नंबरवर येतात आणि तो नंबर परदेशात गेल्यावर अनेकदा बंद पडतो. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की एनसीबी जाते. निघण्यापूर्वी घरातल्या कोणाचा तरी नंबर आणि तुमचा ईमेल कंपनीकडे नोंदवा.

प्रश्न : मुलगा-सून इंग्लंडहून कायमचे परत येत आहेत. तिथल्या विनाक्लेम वर्षांचा इथे उपयोग होतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : होतो, आणि फार थोड्या लोकांना हे ठाऊक असते. तिथल्या कंपनीकडून किती वर्षे क्लेम नव्हता याचे पत्र निघण्यापूर्वीच आणायला सांगा. तिथली पॉलिसी संपल्यापासून 3 वर्षांच्या आत इथे विमा घेतला, तर त्या पुराव्यावर इथल्या कमाल 50 टक्क्यांच्या चौकटीत एनसीबी देण्याची तरतूद आपल्या मोटर विम्याच्या नियमांमध्ये आहे. पत्र मुलाच्या नावावर असेल, तर नवी गाडीही मुलाच्याच नावावर घ्या.