क्रोएशियातून भाड्याची गाडी घेऊन बॉस्नियात जाता येतं का?

तुमचा बेत असा आहे: क्रोएशियातल्या स्प्लिटमध्ये गाडी भाड्याने घ्यायची, बॉस्नियातलं मोस्तार बघायचं आणि तिथून परत क्रोएशियात दुब्रोव्हनिक गाठायचं. पासपोर्ट भारतीय, हाती शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा. सीमेवर अडवतील का, हा प्रश्न.

याच रस्त्याने जाऊन आलोय. खुशाल जा. पण त्याआधी व्हिसाच्या स्टिकरवर एंट्रीचा रकाना बघा. तिथे 'MULT' म्हणजे मल्टिपल असायलाच हवं. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, बॉस्निया नाही. सीमा ओलांडली की तुम्ही शेंगेनच्या बाहेर. एकच एंट्री असेल तर ती युरोपात उतरलात तेव्हाच संपली, परत क्रोएशियात घेणार नाहीत. आणि बॉस्नियात वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो तोही मल्टिपल एंट्रीच्या शेंगेन व्हिसावरच. लोक जाण्याची काळजी करतात, खरा प्रश्न परतण्याचा असतो.

सिंगल एंट्री असेल तर मोस्तार सोडा, दुब्रोव्हनिक सोडू नका. किनाऱ्याचा जुना रस्ता नेउमजवळ थोडा वेळ बॉस्नियातून जातो, तो टाळायला जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल सुरू झाला. जवळजवळ अडीच किलोमीटरचा पूल आहे, टोल नाही. फक्त नकाशावर रस्ता पुलावरूनच जातोय ना, ते निघण्याआधी तपासा.

आता गाडी. बुकिंग करतानाच कंपनीला सांगा की बॉस्नियात नेणार आहे, आणि परवानगी लेखी घ्या. बहुतेक जण याचे जादा पैसे लावतात, काही गाड्या तर नेऊच देत नाहीत. परवानगीशिवाय नेलीत आणि ठोकलीत, तर विमा हात वर करतो. सोबत ग्रीन कार्ड, म्हणजे गाडीचा विमा परदेशातही लागू असल्याचा पुरावा, मागून घ्या. नाव ग्रीन असलं तरी २०२० पासून ते साध्या पांढऱ्या कागदावरही चालतं, तेव्हा कागद पांढरा दिसला म्हणून घाबरू नका.

मोस्तारसाठी मेत्कोविच-दोल्यानी हे नाकं सोयीचं. आधी क्रोएशियाची खिडकी, थोडं पुढे बॉस्नियाची. गाडीतून उतरायचं नाही. सगळ्यांचे पासपोर्ट, गाडीचं नोंदणीपत्र आणि ग्रीन कार्ड एकत्र खिडकीतून द्यायचं. आमच्या वेळी अधिकाऱ्याने नोंदणीपत्र हातात धरून नंबरप्लेट ताडून पाहिली, डिकी उघडायला लावली आणि कागद परत दिले. रांग 'ऑल पासपोर्ट्स'ची धरा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आहे. परतताना त्यात वेळ जाऊ शकतो, संध्याकाळचं विमान असेल तर त्याच दिवशी सीमा ओलांडू नका.

नॅव्हिगेशन जवळचा म्हणून एखादा गावरस्ता सुचवेल, तिकडे वळू नका. त्या सीमेवरची काही छोटी नाकी फक्त आसपासच्या रहिवाशांसाठी आहेत, आपल्याला आंतरराष्ट्रीय नाक्यावरूनच जावं लागतं. युरोपियन युनियनचं रोमिंग बॉस्नियात लागू नाही, त्यामुळे नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.