शंका-समाधान : वाचन दर वर्षी लेवीयापाशीच का थांबते?

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका रुग्णालयात परिचारिका आहे. गेली तीन वर्षे दर १ जानेवारीला मी संपूर्ण पवित्र शास्त्र (बायबल) वर्षभरात वाचून काढण्याचा निश्चय करते आणि दर वर्षी फेब्रुवारीत लेवीयाच्या पुस्तकापाशी माझे वाचन थांबते. रात्रपाळीमुळे दोन-चार दिवस सुटले की राहिलेले अध्याय भरून काढण्याच्या नादात मी नुसते ओळींवरून डोळे फिरवते. माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नाही. त्या संध्याकाळी विचारतात, “आज काय वाचलंस गं?” आणि मला काहीच सांगता येत नाही. रविवारी मंडळीत वचन ऐकतोच. मग रोज वाचलेच पाहिजे का? एखाद्या दिवशी न वाचल्यास देव नाराज होतो का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : प्रिय भगिनी, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तुमच्या मनावरचे खरे ओझे तेच आहे. वाचन सुटले म्हणून देव रुसत नाही आणि वाचन झाले म्हणून आपले पुण्य वाढत नाही. आपला स्वीकार ख्रिस्ताच्या कृपेने झालेला आहे. शास्त्र शोधूनही आपल्याकडे न येणाऱ्या लोकांना प्रभू येशूने काय सुनावले, ते योहानाच्या ५ व्या अध्यायात पाहा. म्हणून अध्यायांची मोजदाद आधी सोडून द्या. शास्त्रात एकूण १,१८९ अध्याय आहेत. वर्षभरात ते संपवायचे तर दिवसाला तीनांहून अधिक वाचावे लागतात, आणि पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या स्त्रीला ही गती झेपली नाही, तर त्यात श्रद्धेची उणीव मुळीच नाही.

मग रोज कशासाठी? निर्गमाच्या १६ व्या अध्यायात रानातल्या इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने रोज पुरवलेले अन्न, मिळतो. ज्याने त्याने रोज सकाळी माणशी एक ओमर (त्या काळचे एक माप) गोळा करायचा असे. उद्यासाठी राखून ठेवलेल्यात किडे पडत, अपवाद फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्यातील विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी गोळा केलेल्या दुप्पट वाट्याचा. या कथेत मला नेहमी एक गोष्ट जाणवते : कालचा वाटा आज भरून काढा, असे देवाने कोणालाही सांगितलेले नाही. ज्या दिवशी वाचन सुटेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही फक्त त्या दुसऱ्या दिवसाचेच वाचा. थकबाकी ठेवू नका.

रविवारचे वचन पुरेसे नाही का, असे तुम्ही विचारता. प्रेषितांच्या कृत्यांच्या १७ व्या अध्यायातील बिरुया गावच्या लोकांनी तर साक्षात पौलाच्या तोंडून उपदेश ऐकला होता, तरी तो सांगतो ते तसेच आहे का, हे ते दररोज शास्त्रात पाहत होते. आणि याबद्दल ते पुस्तक लिहिणारा लूक त्यांना दोष देत नाही, त्यांची थोरवी सांगतो. आम्हा पाळकांनाही अशा श्रोत्यांची फार गरज आहे.

आता लेवीयाविषयी. यज्ञांचे विधी आणि शुद्धाशुद्धतेचे नियम वाचताना मन थकते, हे मला मान्य आहे. परंतु शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही जी आज्ञा प्रभू येशूने दुसरी मोठी आज्ञा म्हणून सांगितली, ती याच पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातील आहे. त्याच अध्यायात थोडे आधी सांगितले आहे की, शेताची कापणी करताना कडेकोपरे पूर्ण कापू नयेत आणि पडलेला सरवा वेचू नये. तो गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावा. ज्वारीच्या काढणीनंतर रानात पडलेली कणसे वेचत फिरणाऱ्या बायका ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

तरीही तुम्ही आत्ता लेवीयापासून सुरुवात करू नका. मार्काचे शुभवर्तमान घ्या. त्याचे १६ अध्याय आहेत. रोज एक अध्याय, नाही जमले तर एकच प्रसंग, पण हळू आणि ओठांवर आणून वाचा. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस ‘मनन’ करणाऱ्याला धन्य म्हटले आहे. तेथील मूळ इब्री क्रियापद यशयाच्या ३८ व्या अध्यायात पारव्याच्या घुमण्यासाठी आले आहे. म्हणजे मनन हे केवळ डोके धरून विचार करत बसणे नव्हे. ते तोंडातल्या तोंडात शब्द घोळवणेही आहे. ओळींवरून डोळे फिरवून जे हाती लागत नाही, ते असे वाचल्याने लागते.

वेळेचेही असेच आहे. पहाटेच वाचावे असा दंडक शास्त्रात मला कोठे आढळला नाही. उलट ११९ व्या स्तोत्राच्या १४८ व्या वचनातील भक्त रात्रीच्या प्रहरांत जागून मनन करतो. रात्रपाळीला निघण्यापूर्वीची दहा मिनिटेही पुरेत.

शेवटी सासूबाईंविषयी, कारण तुमच्या पत्रातील हा भाग मी दोनदा वाचला. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये राहून मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्यांचे निधन झाले, त्यापूर्वीची कितीतरी वर्षे त्यांनी या कामाला दिली होती, आणि साध्यासुध्या, कमी शिकलेल्या स्त्रियांनाही वचन कळावे ही त्यांची तळमळ होती. त्याच तळमळीने तुम्ही सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा. मार्क संपला की रूथचे पुस्तक घ्या. चारच अध्याय आहेत, चार संध्याकाळी पुरतील. त्यात लेवीयातला तो सरवा पुन्हा येतो. परदेशी, विधवा रूथ बवाजाच्या शेतात दिवसभर सातूचा सरवा वेचते, संध्याकाळी तो झोडून घरी आणते, आणि तिची सासू नामी तिला पहिला प्रश्न विचारते, तो असा की, आज तू सरवा कोठे वेचलास?

त्या संध्याकाळी तेथे क्षणभर थांबा आणि सरवा कसा वेचतात, हे सासूबाईंनाच विचारा.