बाय बंद आन सेल चालू, हे काहून केलं?

भाऊ, तुमचं म्हणणं असं की २०२१ मधे अमेरिकेत गेमस्टॉप या कंपनीचा शेअर एकदम उसळला, तवा रॉबिनहूड या ब्रोकर अॅपनं त्याची फक्त खरेदी, म्हणजे बाय बंद केलं, सेल चालू ठेवलं, म्हणजे शॉर्ट केलेल्या (उसने शेअर आधी विकून भाव पडायची वाट पाहणाऱ्या) मोठ्या फंडांना वाचवायसाठीच केलं. शंका फालतू नाही, पण डिपॉझिटचा हिशोब पाहिला की मला तरी ते पटत नाही.

तेव्हा तिकडे टी प्लस २ होतं. आज शेअर घेतला तरी सौदा पुरा व्हायला दोन दिवस, आन मधात कोणी बुडालं तर निस्तरणार क्लिअरिंग हाऊस (सौदे पुरे करून देणारी मधातली संस्था), म्हणून ते ब्रोकरकडून डिपॉझिट घेऊन ठेवते. नागपूरच्या कळमना बाजारात पाहा ना, माल आज विकला जाते, व्यापाऱ्याचे पैसे मागून येतात, तोवर अडत्याची मान अडकलेली. आता भाव दिवसात दुप्पट होऊन राहिला आन त्या ब्रोकरचे सगळे गिऱ्हाईक एकाच बाजूनं, खरेदीलाच पडले, तर डिपॉझिट किती फुगंल सांगा. २८ जानेवारी २०२१ ला पहाटे ५ नंतर रॉबिनहूडला निरोप आला की साधारण ३०० कोटी डॉलर भरा. जमा होते ७० कोटीच्या आसपास. गिऱ्हाइकाच्या खात्यातले पैसे त्यात टाकता येत नाही, ब्रोकरला स्वतःचेच टाका लागतात. यांनी बाय बंद करायचं ठरवून तसं कळवलं, शेवटी क्लिअरिंगवाल्यांनी एक मोठा चार्ज सोडला, मागणी १४० कोटीच्या घरात आली, तवा कुठं यांनी ७० कोटीच्या वर अजून भरले. नवीन खरेदीनं डिपॉझिट वाढते, विक्रीनं ते उलट हलकं होते, म्हणून एकच बटण गेलं. सेल बंद केलं असतं तर लोक अडकूनच पडले असते ना बाप्पा.

आता शंका काहून आली? एक तर सिटाडेल या मोठ्या फंड कंपनीनं दोन-तीन दिवस आधीच मेल्विन या शॉर्ट फंडात पैसे टाकले होते, आन त्याच घरची दुसरी कंपनी रॉबिनहूडच्या ऑर्डरी घेऊन त्याचे पैसे देते. वरून रॉबिनहूडचा सीईओ टीव्हीवर म्हणे लिक्विडिटीचा (हाती पैशाचा) प्रॉब्लेमच नव्हता! असं बोलल्यावर कोण विश्वास ठेवणार. त्या दिवशी गेमस्टॉपचा शेअर ४८३ डॉलरपर्यंत गेला आन १९३ वर बंद झाला, वर घेतलेल्यांचा राग खराच आहे. संगनमताची केस मात्र कोर्टात टिकली नाही.

आपल्याकडे हुबेहूब असं होणं कठीण, कारण मार्जिन (सौद्यासाठीची ठेव) आधीच घेतात, कॅशमधला (साध्या शेअर खरेदी-विक्रीतला) शॉर्ट त्याच दिवशी शेअर परत घेऊन काटा लागते, त्यामुळं फ्लोटच्या (बाजारात फिरणाऱ्या शेअरच्या) १०० टक्क्यांवर शॉर्ट साचत नाही. पण एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) बॅन पाहा, एका शेअरमधले उघडे सौदे ठरलेल्या लिमिटच्या ९५ टक्क्यांवर गेले की नवीन पोझिशन बंद, फक्त कमी करता येते. फरक इतकाच की नियम आधीच माहीत राहते आन सगळ्या ब्रोकरांना सारखा. तुम्ही इंट्राडे शॉर्ट करत असाल तर अप्पर सर्किटकडे (त्या दिवशी भाव ज्याच्या वर जाऊ शकत नाही ती हद्द) लक्ष ठेवा, तिथं कोणी विकणाराच नसते, पोझिशन कटत नाही आन मग ऑक्शनमधे (न दिलेल्या शेअरच्या लिलावात) पडंल त्या भावानं भरा लागते.