सुरुवातीच्या काळात अमेरिकेत स्टुडिओशिवाय, कमी पैशात सिनेमे काढून कोणी टिकलं होतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली वगैरे आपल्याला शाळेपासून माहीत आहे, पण अमेरिकेत जिथे मोठमोठे स्टुडिओ उभे राहत होते तिथे एकट्या माणसाने स्वतःच्या हिमतीवर सिनेमे काढून धंदा चालवला असं कोणी आहे का, आणि तो पैसे कुठून आणायचा. आहे. ऑस्कर मिशो. 1919 ते 1948 या काळात चाळीसच्या वर सिनेमे काढले या माणसाने, आणि तो कृष्णवर्णीय होता, म्हणजे देशातल्या बऱ्याच थिएटरांत त्याला स्वतःला नीट खुर्चीवर बसून सिनेमा बघायचीसुद्धा मुभा नव्हती अशा काळात.

माझे मोठे काका जत्रेत तंबू टॉकीज लावायचे, त्यामुळे लहानपणी घरात सिनेमाबद्दल जे बोलणं व्हायचं ते हिरो-हिरॉइनचं नसायचं. सिनेमाच्या रिळांची पेटी आली का, पेटी कुठे अडकली, ॲडव्हान्स किती दिला, एवढंच. मिशोबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा माणूस लगेच ओळखीचा वाटला तो त्याचमुळे. लोक त्याच्याबद्दल लिहिताना दिग्दर्शक म्हणून लिहितात, ते बरोबरच आहे, पण माझ्या मते त्याचं खरं डोकं विक्रीत होतं. सिनेमा काढण्याआधी तो विकायचा.

जन्म 1884 चा, इलिनॉय राज्यातल्या मेट्रोपोलिस गावाजवळचा. वडील गुलामगिरीत जन्मलेले, घरात पोरं भरपूर. तरुणपणी शिकागोला जाऊन रेल्वेच्या पुलमन डब्यांत पोर्टरचं काम केलं, म्हणजे प्रवाशांची अंथरुणं घालायची, बूट पुसायचे, टिप गोळा करायची. त्यातून पैसे साठवून साउथ डकोटात जमीन घेतली आणि आजूबाजूला सगळे गोरे शेतकरी असताना तिथे एकट्याने शेती केली. पुढे दुष्काळ आला, लग्न मोडलं, सासऱ्याशी भांडण झालं, जमीन गेली. मग या सगळ्यावर त्याने कादंबरी लिहिली, 1913 ला स्वतःच छापली आणि दारोदार फिरून विकली, ज्यांच्या शेजारी शेती केली त्या गोऱ्या शेतकऱ्यांनासुद्धा. हे लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं यातूनच आलंय.

1917 ला त्याची ‘द होमस्टेडर’ कादंबरी आली. लिंकन मोशन पिक्चर कंपनी म्हणून कृष्णवर्णीयांचीच एक छोटी कंपनी होती, त्यांनी सिनेमासाठी हक्क मागितले. मिशो म्हणाला देतो, पण दिग्दर्शन मी करणार. सिनेमाचा शून्य अनुभव होता त्याला! बोलणी फिसकटली. दुसरा कोणी गप्प बसला असता, याने स्वतःची कंपनी काढली आणि आयोवातल्या सू सिटीच्या आसपासच्या शेतकऱ्यांना, म्हणजे ज्यांना आधी पुस्तकं विकली त्याच लोकांना, 75 ते 100 डॉलरला एक असे शेअर विकले. त्या पैशावर सिनेमा झाला आणि 20 फेब्रुवारी 1919 ला शिकागोत लागला. गोष्टीतला खलनायक पाद्री होता, सासऱ्यावरून घेतलेला, त्यामुळे तिथल्या काही पाद्र्यांनी तक्रार केली आणि सेन्सॉरने सिनेमा काही काळ अडवून धरला. मिशोने त्याचीच जाहिरात केली.

आता तुमचा मूळ प्रश्न, पैसा. पहिल्या सिनेमानंतर त्याची पद्धत साधारण अशी बसली की पुढच्या सिनेमाची गोष्ट, नटांचे फोटो घेऊन गाडी काढायची आणि गावोगावच्या थिएटरवाल्यांना भेटायचं, कधी नटांनाच बरोबर न्यायचं आणि मालकासमोर तिथल्या तिथे एखादा सीन करून दाखवायचा, की बघा असा सिनेमा येतोय, बुकिंग करा आणि ॲडव्हान्स द्या. त्या ॲडव्हान्सवर शूटिंग. सिनेमा झाला की तोच पुन्हा रिळांचे डबे घेऊन दौऱ्यावर निघणार, हा दाखवणार आणि त्याच फेरीत पुढच्याचे पैसे उचलणार. प्रिंट मोजक्याच असायच्या कारण प्रत्येक प्रिंटला पैसा लागतो, म्हणून एकच प्रिंट या गावातून त्या गावात फिरत राहायची आणि झिजून झिजून संपायची. काकांच्या तंबूत शेवटच्या शेवटच्या गावात रिळं तुटून तुटून सिनेमा पंधरा मिनिटं कमी झालेला असायचा, मी स्वतः बघितलंय, त्यामुळे मिशोचे बहुतेक मूकपट आज का शिल्लक नाहीत हे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

शूटिंगमध्ये काटकसर तर इतकी की ओळखीच्यांच्या घरात सीन घ्यायचे, कपडे नटांचे स्वतःचे, एक टेक झाला की पुढे. नट संवाद विसरला तरी कधी कधी तसंच ठेवायचे कारण परत फिल्म खर्च करणं परवडणारं नव्हतं. आज ते बघताना खटकतं, खोटं कशाला बोलू, काही सिनेमे खरंच कच्चे आहेत. पण थिएटर कुठली मिळत होती ते बघा. कृष्णवर्णीय वस्तीतली छोटी थिएटरं, आणि दक्षिणेकडे तर गोऱ्यांच्या थिएटरात त्यांचे खेळ संपल्यावर मध्यरात्री एखादा खास शो. एवढ्याशा मार्केटमधून जेवढं वसूल होईल तेवढ्यातच सिनेमा बसवायला लागायचा, त्यापुढे एक डॉलर जास्त घातला की बुडाला.

सेन्सॉर हे त्याचं दुसरं दुखणं. तेव्हा अमेरिकेत प्रत्येक राज्याचं, मोठ्या शहरांचं वेगळं बोर्ड असायचं. 1920 ला त्याचा ‘विदिन अवर गेट्स’ आला. त्यात एका निरपराध कृष्णवर्णीय कुटुंबाला गोरा जमाव फासावर लटकवतो तो प्रसंग आहे, आणि त्याच्या आदल्याच उन्हाळ्यात शिकागोत वंशावरून दंगल होऊन 38 माणसं मेली होती. बोर्डाला भीती की हा दाखवला तर परत पेटेल. आधी नाही म्हणाले, मग दिला, कापाकापी झाली, काही गावांत बंद पडला. मिशो काय करायचा तर एका ठिकाणी कापायचा आणि दुसरीकडे, आता कापलेला भाग परत जोडलाय म्हणून जाहिरात द्यायचा. धंदा होताच तो, पण नुसता धंदा असता तर असला विषय हातात घेतलाच नसता, गोड प्रेमकथा काढून मोकळा झाला असता. मला त्याच्याबद्दल आदर वाटतो तो इथे.

1925 च्या ‘बॉडी अँड सोल’मध्ये त्याने पॉल रोबसनला, म्हणजे पुढे खूप गाजलेल्या कृष्णवर्णीय गायक-नटाला, पहिल्यांदा पडद्यावर आणलं, तेही ढोंगी पाद्री आणि त्याचा सज्जन भाऊ अशा डबल रोलमध्ये.

मग 1928 ला दिवाळं निघालं. बोलपटांचा खर्च अंगावर येत होता तोही त्याच वेळी, ही वेळ फार वाईट होती, त्यात कितीतरी छोटे लोक कायमचे गेले. मिशो उठला, पण हार्लेम या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या गोऱ्या थिएटर मालकांचा पैसा घेऊन, म्हणजे कंपनीत आता दुसऱ्याचा शब्द आला. त्यातून 1931 ला ‘द एक्झाइल’ निघाला, कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा बोलपट. पत्नी अ‍ॅलिस रसेल स्वतः नटी होती, ती कामही करायची आणि निर्मितीचंही बघायची. 1938 च्या एका सिनेमावर मात्र त्याच्याच समाजातून निदर्शनं झाली, उजळ कातडीच्या लोकांना तो वरचं स्थान देतो म्हणून, आणि ती टीका मला रास्त वाटते, त्याच्या पात्रनिवडीत ते दिसतंच.

1940 नंतर सिनेमे थांबले तेव्हा हा माणूस परत कादंबऱ्या लिहायला लागला आणि परत स्वतः फिरून विकायला लागला, साठीजवळ आलेला असताना. 1948 ला शेवटचा ‘द बिट्रेयल’ काढला, तीन तासांहून मोठा, न्यूयॉर्कमध्ये लागला आणि सपशेल पडला. 25 मार्च 1951 ला नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात तो गेला, तेव्हाही कामानिमित्त दौऱ्यावरच होता.

त्याच्या मूकपटांपैकी फक्त तीन आज शिल्लक आहेत. ‘विदिन अवर गेट्स’ सुद्धा हरवलाच होता, पुढे त्याची एक प्रिंट स्पेनमध्ये सापडली, ‘ला नेग्रा’ नावाने, मूकपटात मध्ये मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या स्पॅनिशमध्ये. त्या परत इंग्रजीत करून 1993 ला लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो नीट केला. मधला एक छोटा तुकडा मिळालाच नाही, तिथे नुसती पाटी आहे. नेटवर फुकट बघायला मिळतो, बघाल तर शेवटपर्यंत बघा, कारण तो जमावाचा प्रसंग अगदी शेवटाकडे येतो.