शेरभर पोहे म्हणजे किती?

प्रश्न : ताई, सासूबाईंच्या वहीत चिवड्याचं प्रमाण आहे : ‘शेरभर पातळ पोहे, कोळवं शेंगदाणे.’ मोबाईलवर शेर म्हणजे ९३३ ग्रॅम असं सापडलं. कोळवं म्हणजे शेराचा आठवा भाग, म्हणून शेंगदाणे ११७ ग्रॅम घेतले. पोह्यांनी दोन पातेली भरली आणि चिवड्यात शेंगदाणा शोधावा लागतोय! काय चुकलं? – एक वाचक, मिरज

उत्तर : हिशेब बरोबर आहे, शेर चुकला. शेर दोन होते. ८० तोळ्यांचा तो वजनाचा, तागडीतला. तुमचे ९३३ ग्रॅम त्याचे. सासूबाईंचा शेर मापाचा, धान्याच्या कणगीत बुडवून भरायचा. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मापात जागा मोजतात, वजन नाही. त्यामुळे शेरभर ज्वारी आणि शेरभर पोहे तागडीत कधीच सारखे उतरायचे नाहीत.

वाईला आमच्या घरात आजीचा पितळी शेर आहे, एका बाजूला चेपलेला. तुमचं पत्र आलं तशी त्यात पातळ पोहे भरून काट्यावर टाकले. दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर! तुम्ही सहापट घेतलेत. शेंगदाणे मात्र जवळपास बरोबर होते, म्हणून तर ते हरवले.

आणखी एक बघा. वहीत ‘शीग’ लिहिलंय का? मापाच्या काठावर धान्याचा जो शंकू राहतो ती शीग. उत्कंठा ‘शिगेला पोचते’ ती हीच. हात फिरवून काठासरशी केलं की सपाट माप. आजी विकत घेताना शीग लावून घ्यायची, उसनं देताना हात फिरवायची. तिच्या शेजारणीही तेच करायच्या. (खळ्यावर आजोबा पहिलं माप टाकताना ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. मग दोन, तीन.)

मेट्रिकचा कायदा १९५६ सालचा, पण डब्यातलं माप त्यानंतरही कितीतरी वर्षं हललं नाही.

तुमच्याकडे शेर नसेल तर अडू नका. कुठलीही वाटी कोळवं समजा : आठ वाट्या पोहे, एक वाटी शेंगदाणे. तिखट-मीठ चव बघूनच. झालेला चिवडा टाकू नका. तेलात शेंगदाणे, कढीपत्ता खमंग तळून घ्या, गॅस बंद करून हळद-तिखट घाला आणि ती फोडणी थोड्याथोड्या चिवड्यावर ओतून कालवा. पाहुणे बोलवावे लागतील एवढं नक्की.