शाळेतल्या खोडीची शिक्षा संध्याकाळी घरी नको

चार वर्षांचा मुलगा शाळेत ढकलाढकली करतो, वहीत शेरा येतो, मग तुम्ही संध्याकाळी त्याचं कार्टून बंद करता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच शेरा. ‘परिणाम भोगायला लावूनही फरक पडत नाही, आता आणखी कडक व्हायचं का?’ असं तुम्ही विचारलंय. माझ्या मुलीच्या वेळी आमच्या घरात हुबेहूब हेच चाललं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

कडक होऊ नका. उलट संध्याकाळची ती शिक्षा आजपासूनच बंद करा.

नैसर्गिक परिणाम म्हणजे कोणी काही न करता आपोआप घडतो तो, जसं स्वेटर घातला नाही की थंडी वाजते; तर्कसंगत परिणाम म्हणजे मोठ्यांनी ठरवलेला, पण त्या कृतीशी थेट जोडलेला. हा फरक तुम्हाला ठाऊक आहे असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, त्यामुळे त्यात आणखी शिरत नाही. रुडॉल्फ ड्रायकर्स या मनोविकारतज्ज्ञांनी आल्फ्रेड आडलर या मानसशास्त्रज्ञांच्या विचारांवरून ही मांडणी केली. तिचा गाभा एवढाच की परिणामाचा त्या कृतीशी संबंध मुलाला स्वतःला दिसला पाहिजे. पाणी सांडलं तर फडकं आणून पुसायचं. ठोकळा फेकून मारला तर ठोकळे थोडा वेळ वर ठेवायचे. ढकलणं आणि कार्टून यांचा संबंध काय? आपण जोडला म्हणून आहे, एवढंच. त्यात मध्ये आख्खी दुपार गेलेली. मुलाला सकाळचं आठवत नाही असं नाही, विचारलंत तर सांगेलही. पण दुसऱ्या दिवशी हात उगारताना कालचं बंद झालेलं कार्टून आठवून थांबणं त्या वयाला झेपत नाही. स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग पूर्ण तयार व्हायला विशी उलटते, इथे तर चार वर्षांचं लेकरू आहे.

आमचं खरं नुकसान केलं ते शाळेने. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. वहीत ‘आज त्रास दिला. घरी समज द्यावी’ असं येई. काय त्रास, कोणाला, कधी, त्याआधी काय झालं होतं, एक अक्षर नाही. विचारायला गेलो की उत्तर ठरलेलं: ‘घरी शिस्त नसली की असंच होतं.’ वर तिला खेळाच्या तासाला बाजूला बसवून ठेवत. ज्या मुलीला पळण्याची, अंग मोकळं करण्याची सगळ्यांत जास्त गरज, तिचंच खेळणं काढून घ्यायचं! अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच स्पष्ट म्हटलंय की मधल्या सुट्टीचा खेळ शिक्षा म्हणून काढून घेऊ नये. मी तो कागद नेऊन दिला. वाचला गेला असेल असं वाटत नाही.

या सगळ्यातून मुलगी काय शिकली? ढकलू नये हे नाही, वहीला घाबरायचं हे शिकली. शाळेतून बाहेर येताच पहिला प्रश्न, ‘आज लिहिलंय का?’ पुढे तर वही दप्तरातून काढून लपवायला लागली. एवढ्याशा पोरीला लपवाछपवी शिकवली त्या शेऱ्यांनी, आणि हे आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

शेवटी उलगडा केला तो तिथल्या मदतनीस ताईंनी. त्यांनी सहज सांगितलं, ‘खेळणी आवरायला सांगितली की तेव्हाच होतं हो तिचं.’ म्हणजे रंगात आलेला खेळ अचानक बंद, सगळ्यांची एकाच टोपलीपाशी गर्दी, आणि हिच्या हातातलं कोणीतरी ओढलेलं. मग त्या ताईच आवरायच्या जरा आधी तिच्याजवळ जाऊन सांगू लागल्या, ‘आता थोड्या वेळात आवरायचंय, टोपली तू धरशील का?’ सगळं थांबलं नाही, पण शेरे खूपच कमी झाले. तेव्हा शिक्षकांना ‘त्याने काय केलं’ याआधी ‘त्याच्या जरा आधी काय चाललं होतं’ हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, वाईटपणा आला तरी चालेल. आणि नम्रपणे पण ठाम सांगा: शाळेत झालेल्या गोष्टीचा परिणाम तिथे, तेव्हाच आणि मुलाचा मान राखून व्हावा, घरी आम्ही दुसरी शिक्षा देणार नाही. घरी फक्त बोला, तेही थोडक्यात. ‘तुला खेळणं हवं होतं, पण ढकलल्यावर त्याला लागलं. पुढच्या वेळी काय म्हणशील?’ बाहुल्या घेऊन तोच प्रसंग खेळून दाखवला तर आणखी बरं.

घरच्याबद्दल दोन गोष्टी, माझं मत म्हणून घ्या. झोपतानाची गोष्ट आणि कुशीत घेणं हे कधीही शिक्षेत ओढू नका. आणि ‘सॉरी म्हण’ असं बळजबरीने म्हणवून घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. पडलेल्या मुलाला हात देऊन उठवणं, पाडलेला मनोरा पुन्हा रचायला मदत करणं यातून मुलाला जास्त कळतं. बाकी रस्ता, गरम भांडी, दात घासणं इथे ‘भोगू दे परिणाम’ चालत नाही, तिथे सरळ हात धरून थांबवायचं.

शिक्षा बंद केल्यावर सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो, मुलं नवा नियम ताणून बघतात. तेवढ्यावरून माघार घेऊ नका.

मी तज्ज्ञ नाही, एका मुलीची आई आहे. मुलगा चावत असेल, स्वतःला इजा करत असेल, किंवा बोलणं वयाच्या मानाने मागे वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ऐकूही नीट येतंय ना ते तपासून घ्या. सांगता येत नाही म्हणून हात चालवणारी मुलं असतात, आणि त्यांना शिस्तीची नाही, मदतीची गरज असते.

शेरे साधारण कोणत्या वेळचे असतात ते शाळेकडून कळलं तर इथे लिहा. आवरण्याची, रांगेची की खाण्याआधीची वेळ, यावरून पुढचं सुचवता येईल.