डबल पाइप हीट एक्सचेंजरच्या सिम्युलेशनमध्ये गरम आणि थंड पाण्याचे फ्लुइड रीजन कसे सेट करायचे?

तुम्ही लिहिलंय की आतल्या पाइपमधून 60 अंशाचं गरम पाणी 0.5 मीटर प्रति सेकंदाने जातंय, बाहेरच्या पोकळीतून 20 अंशाचं थंड पाणी 0.1 ने उलट दिशेने येतंय, सोल्यूशन कन्व्हर्ज होतंय (म्हणजे उत्तर स्थिरावतंय) पण थंड पाणी 20 लाच आत जातं आणि 20 लाच बाहेर पडतं. असं असेल तर माझा पहिला संशय एकच, पाणी आणि पाइपची भिंत स्क्रीनवर एकमेकांना चिकटलेली दिसतायत पण मेशमध्ये (गणितासाठी आकाराचे केलेले लहान लहान तुकडे, म्हणजे सेल) ती चिकटलेली नाहीत.

आधी बॉडीज बघा. कॅडमध्ये आपण काढतो तो फक्त धातू, पाणी तिथे नसतंच, ते आपल्याला बनवावं लागतं. गुंतागुंतीचा आकार असेल तर तोंडं बंद करून आतली पोकळी भरून घ्यायची, अन्सिसच्या आकार काढायच्या साधनांपैकी स्पेसक्लेममध्ये व्हॉल्यूम एक्सट्रॅक्ट आहे, डिझाइनमॉडेलरमध्ये फिल आहे. पण तुमच्यासारखे दोन सरळ पाइप असतील तर मी त्या वाटेला जातच नाही, सरळ तीन बॉडीज काढतो: 21 मिमी व्यासाचा गरम पाण्याचा दांडा, त्याभोवती 21 ते 25 मिमी धातूची रिंग, आणि त्याभोवती 25 ते 40 मिमी थंड पाण्याची रिंग. एकातून दुसरी वजा करताना कापणारी बॉडी जपून ठेवायचा पर्याय टिक केलेला आहे ना ते बघा, नाहीतर ती गायब होते आणि बऱ्याच जणांचं पाणी तिथेच हरवतं. बाहेरच्या पाइपचा धातू काढायची गरज नाही, बाहेरून इन्सुलेशन धरलं तर थंड पाण्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाला शून्य हीट फ्लक्स (पृष्ठभागातून जाणारी उष्णता) दिला की झालं.

आता मुख्य गोष्ट. या तिन्ही बॉडीजमध्ये शेअर टोपॉलॉजी चालू करा (डिझाइनमॉडेलरमध्ये तिन्ही निवडून एकच पार्ट करा), म्हणजे पाणी आणि धातू यांच्यामधला पृष्ठभाग दोघांचा मिळून एकच होतो आणि मेशचे नोड जुळतात. पण तिन्ही बॉडीज युनाइट करून एक करू नका हं, ते वेगळं, तसं केलं तर गरम आणि थंड पाणी आणि धातू सगळं एकच रीजन होऊन बसतं. दोन्ही पाण्यांचं मटेरियल सेम असलं तरी झोन दोन, नावं दोन. फ्लुएंटमध्ये (अन्सिसचं प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर) गेल्यावर बाउंड्रीच्या यादीत प्रत्येक सामायिक भिंतीला वॉल आणि वॉल-शॅडो अशी जोडी दिसली पाहिजे आणि थर्मल टॅबमध्ये कपल्ड निवडलेलं असलं पाहिजे. जोडी नसेल आणि नुसत्या दोन सुट्या वॉल दिसत असतील तर त्यांना डीफॉल्ट हीट फ्लक्स शून्य असतो, म्हणजे सॉफ्टवेअर तुमच्या पाइपला परफेक्ट इन्सुलेशन समजतंय, आणि तुमचं लक्षण अगदी तंतोतंत हेच आहे. धातूच्या झोनचा टाइप सॉलिड आहे ना तेही बघून घ्या.

ओपनफोम (याच कामाचं मोफत सॉफ्टवेअर) वापरत असाल तर तिथेही तोच मामला. सेलझोन्सवरून (सेलच्या नाव दिलेल्या गटांवरून) स्प्लिटमेशरीजन्स ही कमांड चालवली की प्रत्येक रीजनचा वेगळा मेश होतो आणि मधल्या पॅचेस (सीमेचे पृष्ठभाग) आपोआप तयार होतात, पण त्या नव्या पॅचेसवर फील्डमध्ये नुसतं कॅल्क्युलेटेड लिहिलेलं असतं, ते बदलून तापमानाची कपल्ड कंडिशन दोन्ही बाजूंनी द्यावी लागते (नाव व्हर्जननुसार बदलतं), एका बाजूला दिली आणि दुसरीकडे राहिली असं चालत नाही. रीजनप्रॉपर्टीज फाइलमध्ये कोण फ्लुइड आणि कोण सॉलिड ते नीट लिहा.

यानंतर मेश, आणि इथे थोडं हाताने गणित केलं तर बरंच काम वाचतं. आत रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत की खळबळता ते सांगणारा आकडा) 22 हजारांच्या आसपास येतो, म्हणजे टर्ब्युलंट, खळबळता प्रवाह. बाहेर हायड्रॉलिक डायमीटर 40 वजा 25 म्हणजे 15 मिमी, वेग 0.1, तर रेनॉल्ड्स फक्त 1500, म्हणजे लॅमिनार, शांत थराथराचा प्रवाह! तेव्हा दोन्हीकडे सरसकट एकच टर्ब्युलन्स मॉडेल लावू नका. फ्लुएंटमध्ये थंड पाण्याच्या झोनला लॅमिनार झोन टिक करता येतं, ओपनफोममध्ये प्रत्येक रीजनची फाइल वेगळीच असते. रेझिस्टन्स काढला तर आतल्या बाजूचा एचटीसी (हीट ट्रान्सफर कोएफिशियंट, पाणी आणि भिंत यांच्यात उष्णता किती सहज जाते त्याचं माप) ढोबळमानाने 3000 आणि बाहेरचा 200-250 च येतो, म्हणजे उष्णतेला होणारा नव्वद टक्क्यांच्या आसपासचा अडथळा बाहेरच्या संथ पाण्यात आहे. 2 मिमी तांब्याच्या भिंतीचा अडथळा त्यापुढे नगण्य, स्टेनलेस स्टीलचाही दोन-तीन टक्केच. लोक धातूमध्ये दहा दहा थर मेश करत बसतात, तो वेळ आणि ते सेल बाहेरच्या 7.5 मिमी गॅपमध्ये घाला, तिथे आडवे 15-20 सेल आणि भिंतीजवळ बारीक होत जाणारे. 20 अंशाच्या पाण्याचा प्रांड्टल नंबर 7 आहे त्यामुळे तापमानाचा थर वेगाच्या थरापेक्षा पातळ असतो, वेगाला पुरेसा वाटलेला मेश तापमानाला कमी पडतो. आतल्या बाजूला के-ओमेगा एसएसटी हे टर्ब्युलन्स मॉडेल घेतलं तर वाय प्लस (भिंतीलगतच्या पहिल्या सेलच्या अंतराचं माप) 1 च्या जवळ ठेवा. आणि पाइप आडवा असेल तर ग्रॅव्हिटी चालू ठेवून घनता तापमानानुसार बदलू द्या, इतक्या कमी वेगाला गरम झालेलं पाणी वर सरकतं आणि त्याने एचटीसी बदलतो, ते सोडून देण्याइतकं किरकोळ नाही.

रन झाला की रेसिड्यूअल (समीकरणांत उरलेली चूक) बघून थांबू नका, हीट बॅलन्स (गरम पाण्याने दिलेली आणि थंड पाण्याने घेतलेली उष्णता जुळते का) काढा. तुमच्या आकड्यांनी गरम पाणी सुमारे 0.17 किलो प्रति सेकंद आणि थंड 0.076, म्हणजे गरम पाणी 2 अंशांनी उतरलं तर साधारण 1.4 किलोवॅट उष्णता निघाली आणि थंड पाणी 4.5 अंशांच्या आसपास चढलं पाहिजे. आउटलेटचं तापमान मास-वेटेड ॲव्हरेजने (वाहणाऱ्या वस्तुमानानुसार काढलेली सरासरी) घ्या, मधल्या एखाद्या पॉइंटचं नको. हे साधायला अडीच मीटरच्या आसपास लांबी लागेल, तुमचा पाइप अर्धा मीटरच असेल तर सगळं बरोबर असूनही थंड पाणी जेमतेम एखाद अंश चढेल, म्हणून लांबी किती घेतलीये तेही कळवा, आणि बाउंड्रीच्या यादीचा स्क्रीनशॉट टाका, वॉल-शॅडो आहेत की नाही ते लगेच दिसेल.